डुकराच्या पिल्लांच्या पोटातले जंत : मादी विण्याच्या आधीपासून विक्रीपर्यंत काय करायचे

एकाच विताची (एका वेळी जन्मलेली) दहा पिल्ले, एकच कप्पा, एकच खाद्य. अडीच महिन्यांची होईपर्यंत सात अंगाने भरतात आणि तीन मागे राहतात. पाठ कमानदार, केस राठ, पोट मोठे आणि पुठ्ठे बारीक. नवा वराहपालक अशा वेळी मेडिकलमधून जंताचे औषध आणतो, सगळ्यांना पाजतो आणि पुन्हा त्याच कप्प्यात सोडतो. दोन महिन्यांनी चित्र तेच.

औषध डुकराच्या पोटातले जंत मारते, जमिनीवरची अंडी मारत नाही. खरा साठा जमिनीवरच असतो. म्हणून औषधाची तारीख आणि कप्पा धुण्याची तारीख एकमेकींना बांधलेल्या असल्या पाहिजेत. खालचे सगळे मार्गदर्शन याच एका गोष्टीवर उभे आहे. जे पाच-दहा माद्या बंदिस्त कप्प्यांत पाळतात, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे.

कोणता जंत कधी येतो

पिल्लाचे वय कळले की निम्मे निदान होते, कारण प्रत्येक परजीवीची वेळ ठरलेली आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत दोनच गोष्टींचा विचार करायचा. पहिली म्हणजे कॉक्सिडिया. हा जंत नव्हे, डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय परजीवी आहे. डुकराच्या पिल्लात त्रास देणाऱ्या जातीचे नाव सिस्टोआयसोस्पोरा सुइस. साधारण सातव्या ते अकराव्या दिवशी पिल्ले पिवळसर, मलमासारखी आणि मग पातळ हगवण करतात, तिला आंबट दुधासारखा वास येतो. मरतुक कमी असते, पण वीत विषम होते आणि ही तूट पुढे भरून निघत नाही. विण्याच्या कप्प्यातली ऊब आणि ओल या परजीवीला अगदी सोयीची. विष्ठेतून पडलेली त्याची बीजे ३० ते ३५ अंशांत दिवसाभरात संसर्गक्षम होतात. दुसरी गोष्ट म्हणजे सूत्रजंत, स्ट्राँगिलॉइडिस रॅन्सोमी. याच्या अळ्या मादीच्या चिकातून आणि दुधातून पिल्लात उतरतात, शिवाय ओल्या जमिनीवरून कातडीतूनही शिरतात. पिल्लू चार-पाच दिवसांचे असतानाच त्याच्या विष्ठेत या जंताची अंडी सापडू शकतात.

दोन महिन्यांनंतर राज्य मोठ्या गोल जंताचे, अस्कॅरिस सुमचे. एक मादी जंत २० ते ४० सेंमी लांब, फिकट गुलाबी-पांढरी, पेन्सिलीएवढी जाड. दिवसाला लाखांच्या हिशेबात अंडी घालते. ताजे अंडे खाल्ल्याने लागण होत नाही. अंड्यात अळी तयार व्हायला उबदार, दमट जागेत तीन ते सहा आठवडे लागतात. हे आकडे लक्षात ठेवा, कारण कप्पा किती दिवसांत रिकामा करायचा हे त्यांवरूनच ठरते. पोटात गेल्यावर अळी आतड्याची भिंत भेदून यकृतात जाते, तिथून आठवड्याभरात फुप्फुसात, मग खोकल्याबरोबर घशात येते, गिळली जाते आणि दहाव्या दिवसाच्या आसपास लहान आतड्यात परतते. मोठी होऊन अंडी घालू लागेपर्यंत सहा ते आठ आठवडे जातात. म्हणजे सहा आठवड्यांच्या पिल्लाच्या विष्ठेत या जंताची अंडी दिसली नाहीत, तरी त्याचे यकृत अळ्यांनी आधीच जखमी केलेले असू शकते.

चाबूकजंत, ट्रायच्युरिस सुइस, मोठ्या आतड्यात डोके रुतवून बसतो. मोठी लागण असली की तीन-चार महिन्यांच्या डुकरांना शेंबूड आणि रक्त मिसळलेली हगवण लागते. घोटाळा असा की ही हगवण जंत अंडी घालण्याच्या आधीच सुरू होऊ शकते, कारण अंडी यायला सहा-सात आठवडे लागतात. अशा वेळी तपासणीचा अहवाल ‘अंडी नाहीत’ असा येतो आणि पाळणारा निश्चिंत होतो.

गाठीजंत, इसोफॅगोस्टोमम, मुख्यतः मोठ्या माद्यांत असतो. त्याच्या अळ्या मोठ्या आतड्याच्या भिंतीत गाठी करतात. पिल्लांना थेट त्रास कमी, पण मादी खंगते आणि दूध घटते. मोकाट फिरणाऱ्या डुकरांत एक काटेरी डोक्याचा जंतही सापडतो, जो हुमणीसारख्या भुंगेऱ्यांच्या अळ्या उकरून खाल्ल्याने येतो. सिमेंटच्या कप्प्यातल्या डुकराला त्याची भीती नाही.

जंत वाटते पण जंत नसते

सिमेंटवर वाढणारी दहा-पंधरा दिवसांची पिल्ले पांढुरकी पडली, धापा टाकू लागली, तर आधी लोह आठवा. मादीच्या दुधात लोह फारच कमी असते आणि या पिल्लांना माती मिळत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन राहून गेले असेल तर जंताचे कितीही औषध पाजून उपयोग नाही.

पहिल्या तीन-चार दिवसांतली पाण्यासारखी हगवण बहुधा जिवाणूंची असते, कॉक्सिडियाची नव्हे. इतक्या लवकर तो लक्षणे दाखवूच शकत नाही. उलट आठव्या दिवशी सुरू झालेली आणि प्रतिजैविकाला अजिबात दाद न देणारी हगवण कॉक्सिडियाची असण्याची शक्यता खूप मोठी.

लहान-मोठी सगळीच डुकरे एकदम खायची थांबली, ताप आला, कानाला-पोटाला लालजांभळे डाग आले, मरतुक सुरू झाली, तर जंताचा विचार सोडून त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. ही स्वाइन फीव्हर या साथीच्या रोगाची लक्षणे असू शकतात, मग ती क्लासिकल असो की आफ्रिकन. अशा वेळी एकही डुक्कर आत-बाहेर करायचे नाही.

नमुना कसा घ्यायचा, कुठे द्यायचा

अंदाजाने औषध देण्यापेक्षा वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा संपल्यावर, विष्ठा तपासून घेणे स्वस्त पडते. दोन महिन्यांची पिल्ले, चार महिन्यांची डुकरे आणि माद्या असे तीन गट करा. प्रत्येक गटातल्या पाच-सहा जनावरांची ताजी विष्ठा, प्रत्येकी साधारण सुपारीएवढी, वेगवेगळ्या झाकणाच्या डबीत घ्या. जमिनीवर पडलेली घेत असाल तर डोळ्यांदेखत पडलेलीच आणि तिचा वरचा भाग घ्या. खालच्या भागाला जमिनीवरची जुनी अंडी आणि मातीतले निरुपद्रवी जंत चिकटतात. डबीवर तारीख, वय आणि आधीचे औषध कधी दिले ते लिहा. बर्फाच्या डब्यात ठेवून २४ तासांत पोचवा, पण गोठवू नका.

तालुक्याच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असला तर तिथे काम होते. नाहीतर जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा परजीवीशास्त्र विभाग गाठा. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, अकोला अशा ठिकाणी ही महाविद्यालये आहेत. गोव्यातल्या पाळणाऱ्यांना जुने गोवे इथली केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था वराहपालनाच्या सल्ल्यासाठी जवळची आहे.

अंडी मोजूनच मागा. मॅकमास्टर पद्धतीत ३ ग्रॅम विष्ठा ४२ मिली संपृक्त मिठाच्या पाण्यात कालवून गाळतात, काचेच्या दोन्ही खणांतली अंडी मोजून ५० ने गुणतात. येतो तो आकडा ग्रॅममागे अंड्यांचा. गोल जंताचा आकडा २०० पेक्षा कमी आला तर लगेच घाबरू नका. डुकरे विष्ठा खातात, त्यामुळे दुसऱ्याची अंडी नुसती पोटातून पार होऊन विष्ठेत दिसू शकतात. अशा वेळी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना द्यावा.

कॉक्सिडियासाठी नमुना हगवण लागल्यावर दोन-तीन दिवसांनी, चार-पाच विष्ठांचा घ्या. पहिल्या दिवशी त्याची बीजे विष्ठेत उतरलेली नसतात. दूधपित्या पिल्लाच्या विष्ठेत चरबी असल्याने ती तरंगवून बघणे अवघड जाते, म्हणून एका नमुन्यावर ‘नाही’ म्हणू नये.

पहिली पायरी : गाभण मादी

मादीचा गाभणकाळ ११४ दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. फळवल्याची तारीख भिंतीवर लिहिलेली नसेल तर पुढचे काहीच नीट होणार नाही.

१०० ते १०४ दिवसांच्या दरम्यान मादीला जंतनाशक द्या. आयव्हरमेक्टिन १ टक्का इंजेक्शनचे डुकरासाठी प्रमाण किलोमागे ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे ३३ किलोला १ मिली, मानेवर कानामागे कातडीखाली. गाईम्हशींचे प्रमाण ५० किलोला १ मिली असते आणि अनेक बाटल्यांवर तेच ठळक छापलेले असते. ते डुकराला कमी पडते. १५० किलोच्या मादीला साडेचार मिली लागेल. विण्याच्या एक ते दोन आठवडे आधी दिलेल्या या इंजेक्शनने दुधावाटे जाणारा सूत्रजंत अडतो आणि खरूजही आटोक्यात येते. चाबूकजंताचा त्रास असलेल्या फार्मवर मात्र आयव्हरमेक्टिनवर विसंबू नका; तिथे फेनबेंडाझोल तीन दिवस द्यावे लागते. अल्बेंडाझोल गाभणकाळाच्या सुरुवातीला टाळा, गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो.

१०७ ते १०९ व्या दिवशी मादीला विण्याच्या कप्प्यात हलवायचे. हलवण्याआधी तिला कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रशने धुवा: कास, सडांमधल्या घड्या, पोट, खूर आणि खुरांमधली फट. गोल जंताची अंडी चिकट असतात. ती कासेला लागून पिल्लाच्या पहिल्या घोटाबरोबर पोटात जातात. या कामाला पंधरा मिनिटे लागतात आणि सगळ्यात जास्त टाळले जाणारे कामही हेच आहे.

दुसरी पायरी : कप्पा खरोखर रिकामा आणि खरोखर कोरडा

फिनाइलचा वास आला की कप्पा स्वच्छ झाला असे मानण्याची सवय सोडावी लागेल. गोल जंताच्या आणि चाबूकजंताच्या अंड्यांचे कवच इतके जाड असते की फिनाइल, ब्लीचिंग पावडर, पोटॅशियम परमँगनेट यांचा नेहमीच्या प्रमाणात त्यांच्यावर परिणाम होत नाही. मातीत ती वर्षानुवर्षे जिवंत राहतात. त्यांना मारतात त्या दोन गोष्टी: उष्णता आणि कोरडेपणा. बाकी सगळी मेहनत त्यांना खरवडून गटारात घालवण्याची असते.

क्रम असा ठेवा. कप्प्यातली सगळी जनावरे एकाच दिवशी काढा; एक मागे राहिलेले पिल्लूही चालणार नाही. मग पाणी न मारता फावडे आणि पत्र्याच्या खुरपणीने वाळलेली विष्ठा खरवडून घमेल्यात भरा. त्यानंतर धुण्याच्या सोड्याचे ४ टक्के द्रावण, म्हणजे लिटरभर कढत पाण्यात ४० ग्रॅम, जमिनीवर आणि भिंतीवर मीटरभर उंचीपर्यंत ओतून दोन-तीन तास भिजू द्या. सोड्याने चिकटलेला थर सुटतो. रबरी हातमोजे आणि गमबूट घालूनच हे करा. मग ताठ खराट्याने घासून, जमले तर प्रेशर वॉशरने, उताराच्या दिशेने गटाराकडे धुवून काढा. शेजारच्या कप्प्यात लहान पिल्ले असतील तर प्रेशर वॉशर वापरू नका. त्याच्या फवाऱ्याबरोबर अंडी भिंतीपलीकडे उडतात.

पाणी निथळल्यावर उष्णता. वाफेचे यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर गॅसची फ्लेमगन कोपरे, भिंत-जमिनीचा सांधा, गव्हाणीचा तळ आणि पाणी प्यायच्या निप्पलखालची जागा यांवरून सावकाश फिरवा. झपझप फिरवलेली ज्योत फक्त पृष्ठभाग तापवते. गवत, प्लॅस्टिक, लाकडी फळ्या आधी बाहेर काढा आणि पाण्याचा पाइप हाताशी ठेवा. उकळते पाणी ओतायचे तर ते अगदी उकळतेच असावे आणि कोपऱ्यांवर भरपूर ओतावे. विस्तवावरून उतरवून बादलीने आणेपर्यंत आणि थंड फरशीवर पसरेपर्यंत त्याची निम्मी ताकद गेलेली असते.

शेवटी किमान पाच ते सात दिवस कोरडे ठेवा, दारे-खिडक्या उघड्या. भिंतींना चुन्याचा हात द्यायला हरकत नाही. त्याने भेगा बुजतात आणि पृष्ठभाग कोरडा राहतो. पण चुना लावला म्हणजे अंडी मेली असे नाही. फरशीच्या भेगा सिमेंटने भराव्याच लागतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत फरशी वाळतच नाही, म्हणून तिथे विण्याच्या कप्प्यावर छपराचा पुढचा भाग लांब असावा, जमिनीचा उतार मीटरमागे दोन-तीन सेंमी असावा आणि शक्य असेल तर एक कप्पा आळीपाळीने रिकामा राहील एवढी जास्तीची जागा बांधतानाच ठेवावी.

मातीच्या जमिनीचे काय? खरे सांगायचे तर मातीचा कप्पा अंड्यांपासून मोकळा करता येत नाही. सगळ्या शेडला सिमेंट करणे परवडत नसेल तर निदान विण्याचा कप्पा आणि दूध तोडलेल्या पिल्लांचा कप्पा आधी पक्का करा, मोठ्यांचे नंतर.

तिसरी पायरी : पहिले दोन आठवडे

कॉक्सिडियाचे निदान फार्मवर एकदा पक्के झाले असेल तरच टोल्ट्राझुरिल वापरा. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात, तोंडाने, एकदाच, किलोमागे २० मिलिग्रॅम. ५ टक्क्यांच्या औषधात मिलीमागे ५० मिलिग्रॅम असते, म्हणजे किलोला ०.४ मिली, दोन किलोच्या पिल्लाला ०.८ मिली. कोंबड्यांसाठी पाण्यातून द्यायचे २.५ टक्क्यांचे द्रावण फार अल्कधर्मी असते आणि ते पिल्लाच्या घशाला, जठराला झोंबते. ते थेट तोंडात घालू नका. पशुवैद्यकाकडून डुकराच्या पिल्लासाठीचे ५ टक्क्यांचेच औषध लिहून घ्या.

हगवण सुरू झाल्यावर टोल्ट्राझुरिल दिले तर फायदा थोडा, कारण आतड्याची लव तोवर झिजलेली असते. अशा पिल्लांना उथळ ताटलीत क्षारांचे पाणी, ऊब आणि कोरडे अंथरूण द्या. आणखी एक फार महत्त्वाचे: युरोपात या औषधानंतर मांसासाठी ७७ दिवस थांबण्याचे बंधन आहे. गोव्यात सण-समारंभासाठी अख्खे भाजायला दूधपिते पिल्लू विकले जाते. टोल्ट्राझुरिल दिलेले पिल्लू त्या बाजारात जाता कामा नये. अशा पिल्लांच्या कानाला खूण करून ती वाढवायलाच ठेवा.

कप्पा रोज झाडा, मादीची विष्ठा दिवसातून दोनदा उचला, पिल्लांच्या उबदार कोपऱ्यातला भुसा ओला झाला की लगेच बदला. कामाचा क्रम नेहमी लहानांकडून मोठ्यांकडे: आधी दूधपिती, मग दूध तोडलेली, मग मोठी. विण्याच्या विभागाचे गमबूट, खराटा आणि फावडे वेगळे ठेवा, दांड्याला रंग मारून.

चौथी पायरी : दूध तोडताना

आपल्याकडे पिल्ले साधारण सहा ते आठ आठवड्यांची झाली की दूध तोडतात. त्याच दिवशी लस, त्याच दिवशी जंतनाशक, त्याच दिवशी नवा कप्पा आणि नवे खाद्य असे सगळे एकदम केले की पिल्ले आजारी पडतात आणि दोष औषधाला जातो. दूध तोडा, पाच-सात दिवस स्थिरावू द्या, मग पहिले जंतनाशक द्या. स्वाइन फीव्हरची लस त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. दुसरे जंतनाशक पहिल्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी. हे अंतर मनाचे नाही: पहिल्या औषधानंतर पोटात गेलेल्या अळ्या मोठ्या होऊन अंडी घालायला लागण्याच्या आत दुसरा घाव बसतो आणि जमिनीवर नवा साठा पडत नाही.

वजन डोळ्यांनी ठरवू नका. काटा नसेल तर शिंप्याची फीत पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३, आणि जनावर साधारण ६५ किलोच्या आतले असेल तर त्यात ३ किलो मिळवा. घेर ०.६० आणि लांबी ०.६५ आली तर गणित सव्वासोळा होते, तीन मिळवून सुमारे १९ किलो. औषध गटाच्या सरासरीवर नको. गटात मोठा फरक असेल तर लहान आणि मोठी अशी दोन गटांत वाटून प्रत्येक गटातल्या जड पिल्लाच्या वजनावर प्रमाण ठरवा.

फेनबेंडाझोल हे नवख्याच्या हाताला सगळ्यात सुरक्षित. किलोमागे ५ मिलिग्रॅम एकदा. चाबूकजंत असेल तर किलोमागे ३ मिलिग्रॅम सलग तीन दिवस. समजा १२ पिल्ले, प्रत्येकी १८ किलो. एकूण २१६ किलो, औषध १०८० मिलिग्रॅम. पावडर २५ टक्क्यांची असेल तर ग्रॅममागे २५० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ४.३ ग्रॅम पावडर. ती आधी १०० ग्रॅम पिठात, मग किलोभर खाद्यात आणि मग सकाळच्या उरलेल्या खाद्यात मिसळा. एकदम टाकली तर एका कोपऱ्यात साचते. आदल्या रात्रीचे खाद्य कमी ठेवा. औषधाचे खाद्य दिवसाच्या खाद्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच असावे, म्हणजे ते चटकन संपते. गव्हाण इतकी लांब हवी की सगळी एकाच वेळी तोंड घालतील. २० किलोच्या पिल्लाला साधारण २० सेंमी जागा. नाहीतर दांडगी दुप्पट खातात आणि ज्यांना खरी गरज तीच उपाशी राहतात. आजारी, मागे पडलेली पिल्ले वेगळी काढून तोंडानेच पाजा.

पातळ अल्बेंडाझोल वापरायचे तर बाटलीवरची टक्केवारी दोनदा वाचा. २.५ टक्क्यांच्या बाटलीतून १९-२० किलोच्या पिल्लाला किलोमागे ५ मिलिग्रॅमने ४ मिली लागते, १० टक्क्यांच्या बाटलीतून फक्त १ मिली. लेव्हामिसोल किलोमागे साडेसात मिलिग्रॅम, पण त्याची सुरक्षित मर्यादा अरुंद आहे. जास्त झाले की तोंडाला फेस, ओकाऱ्या, थरथर. पायपराझिन स्वस्त आहे आणि गोल जंतावर चालते. चाबूकजंत व सूत्रजंतावर त्याचा उपयोग नाही.

पाजताना पिल्लाचे डोके वर ताणू नका आणि ते किंचाळत असताना औषध ढकलू नका. ते फुप्फुसात जाते. सिरिंजचे तोंड गालाच्या कोपऱ्यातून आत, जिभेच्या मागच्या भागावर, गिळण्याची वाट बघत थोडे थोडे.

नगाऱ्यासारखे पोट फुगलेल्या, खंगलेल्या पिल्लाला पूर्ण औषध देण्याआधी पशुवैद्यकाला विचारा. मेलेल्या जंतांचा गुंता आतड्यात अडकून बसण्याचा प्रकार क्वचित घडतो. पुढचे तीन-चार दिवस त्याला पातळसर खाद्य आणि भरपूर पाणी द्या. विष्ठेतून जंत पडायला लागले की ते लगेच उचलून जाळा किंवा कढत पाण्यात टाका. मेलेल्या मादी जंताच्या पोटात अंडी भरलेलीच असतात.

पाचवी पायरी : औषधानंतर कप्पा बदलणे

औषध दिल्यावर पिल्ले दोन दिवस जुन्याच कप्प्यात ठेवा, जंत आणि अंडी तिथेच पडू द्या. तिसऱ्या दिवशी धुतलेल्या, वाळलेल्या कप्प्यात हलवा आणि जुना लगेच वर सांगितल्याप्रमाणे धुवायला घ्या. या पायरीशिवाय आधीचा सगळा खर्च अर्धा वाया जातो.

नव्या कप्प्यात पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लांना विष्ठेची जागा लावून द्या. डुक्कर मुळात आपल्या झोपण्याच्या जागी घाण करत नाही. गटाराकडचा, निप्पलखालचा कोपरा ओला ठेवा, तिथे थोडी विष्ठा टाका, मादीची नव्हे तर याच पिल्लांची. समोरचा कोपरा कोरडा आणि भुसा घातलेला. खाद्य जमिनीवर कधीही टाकू नका. हॉटेलचे उरलेले अन्न देत असाल तर ते चांगले उकळून, गव्हाणीतच.

विकत आणलेले डुक्कर थेट कळपात सोडणे ही तर सगळे केलेले मातीत घालण्याची वाट. ३० दिवस वेगळे ठेवा, आल्यावर तीन-चार दिवसांनी जंतनाशक, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. नरांना सहा महिन्यांतून एकदा.

जमले की नाही, हे कसे कळेल

औषधानंतर दहा ते चौदा दिवसांनी त्याच जनावरांची विष्ठा पुन्हा मोजा. अंड्यांची संख्या ९० टक्क्यांहून कमी घटली असेल तर आधी वजन, प्रमाण आणि औषधाची मुदत तपासा. ती बरोबर असतील तर पशुवैद्यकाला विचारून दुसऱ्या रासायनिक गटातले औषध घ्या. गाठीजंताने अनेक औषधांना दाद न देण्याची उदाहरणे युरोपात नोंदलेली आहेत, तेव्हा कमी मात्रेचे औषध वारंवार देण्याची सवय महागात पडते.

दुसरी तपासणी फुकट आहे आणि आमच्या मते सगळ्यात बोलकी. कत्तलीच्या वेळी यकृत बघा. गोल जंताच्या अळ्या यकृतातून गेल्या की तिथे दुधाच्या शिंतोड्यांसारखे पांढुरके डाग पडतात आणि ते साधारण पाच-सहा आठवड्यांत विरतात. म्हणून आठ महिन्यांच्या डुकराच्या यकृतावर भरपूर डाग दिसले, तर लागण गेल्या दीड महिन्यातली आहे, म्हणजे शेवटच्या कप्प्याची जमीनच अंड्यांनी भरलेली आहे. आतड्यात एकही जंत नसला तरी हा निष्कर्ष बदलत नाही. यकृत स्वच्छ पण आतड्यात मोठे जंत असतील, तर जुनी लागण आहे आणि वाढीच्या काळातले औषध चुकले आहे. खाटकाला आधीच सांगून ठेवा, डाग मोजून वहीत लिहा. पित्तनळीत जंत शिरल्याने मांस पिवळे पडलेले जनावर तर विक्रीतूनच बाद होते.

वहीत प्रत्येक गटापुढे औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मात्रा, तारीख आणि विक्री कधीपासून चालेल ती तारीख लिहा. मांसासाठी थांबायचा काळ लेबलवर डुकरापुढे छापलेला असतो. तो छापलेला नसेल तर पशुवैद्यक सांगेल तो, आणि २८ दिवसांपेक्षा कमी नको.

विष्ठेचे आणि माणसांचे

कप्प्यातून निघालेली विष्ठा शेडपासून दूर, पावसाचे पाणी वाहून जाणार नाही अशा जागी ढिगात रचा. भुसा किंवा पालापाचोळा मिसळलेला ढीग आतून ५५ अंशांच्या वर तापून तीन दिवस तसाच राहिला तर अंडी मरतात. पण बाहेरचा थर तेवढा तापत नाही, म्हणून दर आठवड्याला बाहेरचे आत करून ढीग निदान तीन वेळा पालटा. लांब दांडीचा थर्मामीटर फार महाग नसतो, तो घ्याच. कच्ची विष्ठा पालेभाजी, कोथिंबीर, मुळा, काकडी यांच्या वाफ्यात घालू नका. डुकराचा गोल जंत माणसालाही होतो, विशेषतः मातीत खेळणाऱ्या मुलांना.

पट्टकृमी हा वेगळा प्रश्न आहे. डुकराच्या मांसात तांदळाएवढ्या-वाटाण्याएवढ्या पाणीदार गाठी दिसल्या, तर ते डुकराच्या आतड्यातले जंत नव्हेत; माणसाच्या पोटातल्या पट्टकृमीची अंडी त्याने मानवी विष्ठेतून खाल्ली आहेत. नेहमीच्या जंतनाशकाच्या एका मात्रेने या गाठी जात नाहीत. डुकरे बंदिस्त ठेवणे, फार्मवर काम करणाऱ्या प्रत्येकाला शौचालय आणि हात धुवायला साबण असणे, आणि घरातल्या माणसांनी डॉक्टरांना दाखवून तपासून घेणे, हे त्यावरचे उपाय आहेत. गाठी असलेले मांस विकू नका, कुत्र्यांना टाकू नका. खोल पुरून किंवा जाळून टाका.